गंजगोलाईतल्या सीट कव्हरवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

नाव लिहू नको असं तुम्हीच बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. पण लातूरच्या गोलाईला येऊन मिळणाऱ्या 16 रस्त्यांपैकी एकावर मोटारसायकलच्या सीटा शिवणारे चाचा म्हणलं की तुमच्या गिऱ्हाइकांना कळेल. सूनबाईंनी हे तुम्हाला वाचून दाखवावं.

मी ब्लाऊज शिवणारी बाई. अस्तराचं काम माझ्या हातातलं, पण रेक्झिन कधी मशीनखाली घेतलं नव्हतं. आमच्या गावच्या आशाताईंना, म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीला, मोठी पिशवी पाहिजे होती. त्यांच्याजवळ रजिस्टरं असतात, ओआरएसची पाकिटं, गोळ्या, शिवाय डबा आणि पाण्याची बाटली. पावसात घरोघर फिरताना कापडी पिशवीतलं रजिस्टर भिजतं आणि घाईत गोळ्या सापडत नाहीत. म्हणून बाहेरून रेक्झिन, आतून अस्तर आणि अस्तराला खिसे, असं ठरलं. तुमच्याकडं मी फक्त विचारायला आले होते, रेक्झिन कोणतं घेऊ म्हणून.

दुकानासमोर गाड्या उभ्या होत्या, तरी तुम्ही मशीन थांबवली. एक तुकडा दुमडून घडीवर नखानं दाबलं, उघडलं, तर पांढरी रेघ तशीच राहिली. "हे नको, घडीवर तडकतं," म्हणालात. दुसऱ्या तुकड्याच्या मागं विणलेलं कापड होतं, घडी मोडली की रेघ जायची. तेच घ्यायला लावलं.

पुढं जे दाखवलं ते तर मी अजून कुणाकुणाला सांगते. दोन तुकडे घेतले, एकाला ब्लाऊजसारखी बारीक शिलाई मारली, दुसऱ्याला लांब टाका. मग दोन्ही माझ्या हातात दिले, ओढ म्हणालात. बारीक टाक्याचा तुकडा शिलाईवरच टरकन फाटला, पोस्टाचं तिकीट फाटावं तसा. लांब टाक्याचा हलला नाही. "बेटा, कापडाचं भोक मिटतं. याला पडलं की पडलं." म्हणून टाका 4 मिलिमीटरच्या आसपास, इंचाला सहा-सात. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. शेवटाला उलटी शिलाईही मारायची नाही, दोऱ्याची टोकं मागं ओढून गाठ द्यायची. एका भोकावरून सगळं आलं, आणि मला ते पाठ करावं लागलं नाही.

सुई 16 नंबरची, चामड्याची. पट्टे जोडताना थर वाढतात, तिथं 18. दोरा पॉलिस्टरचा. रेक्झिन मशीनच्या फुटाला, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाला, चिकटून जागच्या जागी टाके पडू नयेत म्हणून फुटाच्या तळाला सेलोटेप लावायचा. पायाची मशीन असली तर जाड थरावर चाक हातानंच फिरवायचं. इस्त्री टेकवायची नाही, रेक्झिन वितळतं. मायेला, म्हणजे शिलाईबाहेर राहिलेल्या कडेला, आतून सोल्युशनचा (चिकटवायच्या गोंदाचा) पातळ हात देऊन हातोडीनं हलकं ठोकायचं. हातोडीला कापड गुंडाळायचं हेही तुमचंच.

पिशवीचा बूड बसता करायला खालच्या कोपऱ्यांतून 2 इंचाचे चौकोन कापले की 4 इंच रुंदी मिळते, हे मला येत होतं. अस्तर जरासं लहान बेतायचं, नाहीतर आत गोळा होतं, हे तुमच्याकडून कळलं. खिसे अस्तराला आधी लावून घेतले: एक चेनचा, गोळ्यांसाठी, एक सपाट, रजिस्टरच्या मापाचा, एक उभा, बाटलीला. अस्तराच्या बुडाला मोठी मोकळी फट ठेवून पिशवी त्यातून उलटायची होती. रेक्झिन ताठ, वळेना. तुमचं ऐकून थोडा वेळ उन्हात ठेवलं. आमच्याकडच्या उन्हाचा असाही उपयोग होतो. मऊ झालं आणि कोपरे सरळ बाहेर आले.

चाचा, मी विचारलं एवढंच होतं. "आणून दे, मी शिवून देतो, इतके होतील," असं तुम्ही म्हणू शकला असता, आणि ते पैसे मी दिले असते. हातातलं हुनर असं भर दुकानात उघडं करून कुणी दाखवत नाही. माझ्या शिवणकामाच्या इतक्या वर्षांत मला तरी कुणी दाखवलं नव्हतं.

आशाताई पिशवी घेऊन फिरतात. पहिल्या पावसात रजिस्टर कोरडं राहिलं, हे सांगायला त्या स्वतः घरी आल्या. आता त्यांच्या बरोबरीच्या बायकाही विचारायला लागल्यात. पट्ट्यांना शिलाई चौकोन करून आत फुली मारलीय, तरी भार लई आहे, रिपीट (धातूचे रिव्हेट) ठोकलेले बरे. बाजाराच्या दिवशी पिशव्या घेऊन येते. रिपीट तुम्हीच ठोकून द्या, आणि या वेळेला पैसे घ्यायचे.

तुमची,
औसा तालुक्यातली ब्लाऊजवाली