चारचौघांत पाणउतारा कशाला?

संपादक महोदय,

ज्युनिअरची चूक झाली की साहेब भर मीटिंगमध्ये झापतात आणि त्याच पोराने रात्र जागून केलेलं प्रेझेंटेशन मात्र वरच्यांना स्वतःच्या नावाने दाखवतात, हे इतक्या वेळा बघितलंय की आता खरंच चीड येते. चूक केबिनमध्ये बोलावून सांगता येते ना! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दलच आहे, त्यात इंटर्न, ट्रेनी, अगदी नोकरीला अर्ज करणारेसुद्धा येतात, आणि कामाचे मेल-मेसेजपण. म्हणजे रात्री अकराला ऑफिसच्या ग्रुपवर केलेला अपमानही त्यातच आला. एचआरने हे नव्या पोरांआधी मॅनेजर लोकांना शिकवावं.

– एक नोकरदार वाचक