बार्न नको, कांदाचाळ काढा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी नोकरीत असताना मंत्र्यांना जाहीर पत्रं लिहायची नसतात, म्हणून इतकी वर्षं गप्प होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आता लिहिते.

मंगळवेढा तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. शेवटच्या वर्षी एका देणगीदाराकडून शाळेला चित्रपुस्तकांचं खोकं आलं. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल केलेले कोपरे, झकास रंग. मुलं तुटूनच पडली. त्यातलं एक पुस्तक शेतावरचं होतं. पहिल्याच पानावर उतरत्या छपराची, पांढऱ्या चौकटींची लालभडक इमारत. मी विचारलं, हे काय आहे? एक जण म्हणाला, शाळा. पुढच्या बाकावरची म्हणाली, "बाई, मंगल कार्यालय." खाली छापलं होतं, 'धान्याचे कोठार', म्हणजे परदेशी शेतांवरचा तो 'बार्न'. पुढच्या पानावर वाळक्या गवताचे मोठे गोल गठ्ठे होते, ते मुलांना आडव्या पडलेल्या पाण्याच्या टाक्या वाटल्या. तिसऱ्या पानावर चिखलात बसून हसणारं गुलाबी डुक्कर. सगळा वर्ग खदखदून हसला, एक मुलगा सोडून. तो म्हणाला, "आमच्या मक्यात शिरली व्हती. आप्पा रातभर डबा वाजवत बसलं." त्या पुस्तकात रात्र नव्हतीच. राखणीला कुणी बसलेलं नव्हतं.

हाच मुलगा बैलाच्या तोंडात बघून, दातांवरून वय ओळखून, आदत, दुसा, चौसा की जुळलेला ते सांगतो. खिल्लार लांबून ओळखतो. गोठ्यातली जर्सी किती लिटरवर आली, हे त्याला पाठ असतं. शेत हा त्याचा हातखंडा विषय. आणि शेताचं पुस्तक उघडल्यावर वर्गात 'येत नाही' म्हणणारा तोच. पुस्तकाशी पहिली गाठ अशी पडली, तर पुस्तक आपल्यासारख्यांचं नसतं हे मूल शिकतं. कुणी न शिकवता.

आता कुणी म्हणेल, मराठी चित्रकारांनी काढलेली पुस्तकंही आहेत की. आहेत, आणि काही फार सुरेखही आहेत. पण शेत आलं की बऱ्याच जणांचा ब्रश घरातल्या कॅलेंडरकडे वळतो. पागोटं, धोतर, पांढरीशुभ्र बैलजोडी, डोंगरामागून हसणारा सूर्य, आणि बांधावरून भाकरीची टोपली घेऊन येणारी आई. माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप टी-शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल बांधतात. शेतीची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात. ठिबकची नळी फुटली की तोंडात शिवी येते, ती पुस्तकात नको, पण नळी तरी असावी! आणि आई भाकरी आणतेच, पण त्याआधी आणि नंतर तण भांगलायला वाकलेली असते ती तीच. चित्रात ती फक्त चालत येते.

बैलांनी ओढायच्या पेरणीच्या तिफणीचंच सांगते. एका पुस्तकात पेरणीचं चित्र होतं आणि तिफणीला फण होते चार. नावातच तीन आहेत हो! शिवाय तिफणीमागं कुणी नव्हतंच. मग बी पडणार कुठून? चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरून एकसारखं बी सोडायचं कसब ज्या हातात असतं, तो हातच चित्रकाराने काढला नव्हता. मुलांनी ते एका दमात पकडलं. मला म्हणाली, "बाई, हे रान मोकळंच राहणार."

आमच्याकडची ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक लागले, सत्कार झाले. पण ती ज्वारी रानातून घरी कशी येते, हे पाच वर्षांच्या मुलाला दाखवणारं पुस्तक माझ्या हाती अजून आलेलं नाही. चित्रांत नेहमी विळा असतो. आमच्या काळ्या रानात ज्वारी कापत नाहीत, काढतात, म्हणजे मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ज्वारीचं ताट बुडाशी धरायचं, कमरेतून मागं झुकायचं, हिसका द्यायचा. मुळाची ढेकळं पायावर आपटून झाडायची. दोन दिवसांत तळहाताला फोड येतात, चौथ्या दिवशी ते फुटतात. मग पेंढ्या बांधायच्या, बुचाडं रचायची, कणसं मोडायची. मळणीयंत्र आलं की आख्ख्या गल्लीच्या अंगाला कूस, म्हणजे कणसांची खाजरी धूळ, लागते आणि पोरं खाजवत हिंडतात. शेवटी कडब्याची गंज. तिच्यावर चढायला बंदी असते आणि सगळे चढतात. महोदय, ही सोळा पानं झालीच. त्यात हुरड्याची आगटी अजून आलेली नाही.

हे काही मी नवं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे हाताशी घेतले. गुरं राखायला जाणारी वारल्यांची पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ याच कामात आहे. जिथं शाळा मुलाच्या अंगणात गेली, त्याच महाराष्ट्रात मुलाने चित्रातल्या परक्या अंगणात जाऊन बसायचं, हे मला खटकतं.

बालभारती १९६७ पासून आहे, 'किशोर' मासिक १९७१ पासून. दोन्हींवर माझी पिढी वाढली, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण पाठ्यपुस्तक म्हणजे चित्रपुस्तक नव्हे आणि 'किशोर' वाचायला आधी वाचता यावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आणि मातृभाषेवर भर दिला. या वयाला ओळीओळीचा धडा नको असतो. पानभर चित्र, खाली एखादं वाक्य, आणि बोट ठेवून "ह्ये काय?" विचारायला जागा, एवढं पुरतं. अंगणवाड्या आपल्या खात्यात येत नाहीत, महिला व बालविकासकडे आहेत, हे मला माहीत आहे. पण तिथलंच मूल पुढं जूनमध्ये आपल्या शाळेत येतं, तेव्हा दोन खात्यांनी एकदा एका टेबलावर बसावं.

आपल्याला हे पत्र लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आपण याआधी राज्याचं कृषी खातं सांभाळलंत. मालेगावच्या बाजूला कांदा काय असतो, ते मी आपल्याला सांगायला नको. त्या भागातल्या पोराला लाल बार्न कशाला? त्याला कांदा साठवायची कांदाचाळ काढून दाखवा. रोप, लागण, काढणी, पात कापायची खांडणी, बारकी गोल्टी वेगळी काढणं, चाळीत भरणं आणि भावाची वाट बघणं. शेवटचं पान ट्रॅक्टर-ट्रॉलीतून मार्केटला जाण्याचं.

कृषी विद्यापीठं राज्यात चार आहेत: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. चौघांकडे मिळून या राज्यातल्या जवळपास प्रत्येक पिकाचा जाणकार सापडेल. दापोलीच्या मदतीने भाताचं पुस्तक होऊ द्या: राब भाजणं, चिखलणी, लावणी, डोक्यावर इरलं. अकोल्याकडून कापसाचं, परभणीकडून तुरीचं. सुरुवातीला चारच पुस्तकं करा, पण धड करा. चित्रकाराला इंटरनेटवरचे फोटो बघून काढायला लावू नका, त्याला पेरणीपासून सुगीपर्यंत तीन-चारदा त्या गावात राहायला पाठवा, राहण्याजेवणाचा खर्च द्या. छापण्याआधी कच्ची पानं तिथल्याच बायकांना आणि पोरांना दाखवा. चौथा फण तिथंच गळून पडेल.

शब्दांवरूनही भांडण होईल, ते होऊ द्या. खुरपणी, निंदणी, भांगलण, तीन भागांत तीन शब्द. समितीत बसलेला कुणीतरी 'प्रमाण' शब्द मागेल. कृपा करून ऐकू नका. पुस्तकं मुक्त परवान्याने, म्हणजे कुणालाही बदलून वापरता येतील अशी, प्रसिद्ध केलीत, तर चित्रं तीच ठेवून अहिराणीत, मालवणीत, कोरकूत, गोंडीत तिथले शिक्षक स्वतः मजकूर घालतील. प्रथम बुक्स या प्रकाशनाने स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून हेच केलं आहे. शासनाला ते जमणार नाही असं मला वाटत नाही.

एक भीती मात्र सांगून ठेवते. असं काही निघालंच, तर ते 'शेतकरी राजा' छापाचं निघेल. सगळे हसतायत, पाऊस वेळेवर, पीक डोलतंय. आमच्याकडे मृगात आकाशाकडे बघून मोठी माणसं गप्प होतात, आणि चार वर्षांच्या मुलालाही ते कळतं. कर्जाचं, मरणाचं त्या वयाला काही सांगू नये, मी स्वतः सांगणार नाही. पण पाऊस आला नाही, पेरलेलं उगवलं नाही, पुन्हा पेरलं, एवढी गोष्ट त्यांना झेपते. ऊसतोडीला आईबापांबरोबर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून आलेली मुलं माझ्या वर्गात होती. त्यांच्यासाठी शेत म्हणजे दुसऱ्याचं शेत. तेही एखाद्या पानावर यावं.

निवृत्तीच्या आधी मी मुलांना कोरे कागद दिले आणि आपापलं शेत काढायला सांगितलं. त्यातली अकरा चित्रं या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. खडू साधे होते, रंग थोडे पुसटले असतील. सात नंबरच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात खांबावर काळा चौकोन आहे, त्याच्यावर लाल फुली मारली आहे. तो डाग नाही. तो जळालेला डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर