कलादालन बांधाल हो, पण आत वर्षभर काय चालणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याला कलादालन मंजूर झाल्याची बातमी तुमच्या पेपरात वाचली, भूमिपूजनाचा फोटो पण बघितला, बरं वाटलं. मी आयुष्यभर हायस्कूलला चित्रकला शिकवली, आता रिटायर आहे, म्हणून चार शब्द लिहितोय. बातमीत एसी हॉल आहे, पार्किंग आहे, कँटीन आहे, व्हीआयपी रूम पण आहे (ती कशाला ते देव जाणे). आत वर्षभर काय चालणार, ते ठरवणार कोण आणि त्याचे पैसे कुठून येणार यावर एक ओळ नाही.

ही शंका उगाच काढत नाहीये. आमच्या गावात आधीचा एक हॉल आहेच, त्याचं काय झालं ते सगळे बघतात. उद्घाटनाला रांगोळी प्रदर्शन, मग दोन-चार चित्रकार पदरचं भाडं भरून येऊन गेले, चित्र एक विकलं नाही, परत कोण फिरकणार. आता तिथं साड्यांचा सेल लागतो. चित्रं टांगायला म्हणून भिंतीत जे हुक ठोकले होते ना त्याला ड्रेसचे हँगर अडकवलेले असतात, आणि फोकस लाईट बरोब्बर त्या ड्रेसवर.

माझी मुलगी अमेरिकेत सिनसिनाटीजवळ असते, ओहायो राज्यात. तिथलं कंटेम्पररी आर्ट्स सेंटर, म्हणजे आजच्या काळातल्या कलेचं दालन, मी बघितलंय. लगेच म्हणू नका की अमेरिकेचं कौतुक आम्हाला नको, आधी ऐका. हे काय न्यूयॉर्क नव्हे, गावाची स्वतःची वस्ती 3 लाखांच्या आसपास, उपनगरं धरली तर मोठं आहे पण मूळ शहर सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा लहानच. 1939 साली तिथल्या तीन बायकांनी मिळून मॉडर्न आर्ट सोसायटी काढली. स्वतःची जागा नव्हती, दुसऱ्यांच्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरवायची. वर्षानुवर्षं भाड्याच्या नाहीतर मागून घेतलेल्या जागेत काम चाललं, आणि स्वतःची वेगळी इमारत कधी झाली तर 2003 ला. म्हणजे संस्था आधी, इमारत 64 वर्षांनी. आपल्याकडे आधी इमारत, मग संस्था कधीच नाही!

इमारत मात्र झकास आहे, खोटं कशाला बोलू. झाहा हदीद नावाच्या मूळच्या बगदादच्या आर्किटेक्ट बाईंनी केलेली, अमेरिकेतली त्यांची पहिली. कोपऱ्यावरचा प्लॉट, आणि बाहेरच्या फुटपाथचं काँक्रीट तसंच सरळ आत येतं, पार मागच्या भिंतीपर्यंत जातं आणि तिथून वळून भिंत बनून वर चढतं. पायरी नाही, उंबरा नाही. रस्त्यावरचा माणूस चालता चालता आत येतो आणि त्याला कळत पण नाही. 2016 पासून तिकीटही काढून टाकलंय. आमच्याकडे हॉलच्या दारात वॉचमन टेबल टाकून बसतो आणि शाळेच्या पोरांना विचारतो काय काम आहे.

पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच. त्यांच्याकडे स्वतःचा संग्रहच नाही. एकही चित्र मालकीचं ठेवत नाहीत, बाहेरून आणायचं, दाखवायचं, परत पाठवायचं, मग दुसरं. त्यामुळे संग्रहाची जपणूक, त्याची दुरुस्ती, तळघरातली वाळवी ही कटकट नाही, सगळा पैसा प्रदर्शनं आणि कार्यक्रमांवर. संग्रह नकोच असं मी म्हणत नाही, सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले राजे पंतप्रतिनिधींनी 1938 ला एवढ्याशा गावात म्युझियम उभं केलं, रविवर्म्यापासून इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूरपर्यंत सगळं आहे तिथं, त्याला तोड नाही. पण ते राजाला जमलं. जिल्ह्याच्या कमिटीला संग्रह जमवायला लावलं तर काय जमेल ते मला दिसतंय, माजी पालकमंत्र्यांची तैलचित्रं जमतील.

मी गेलो तेव्हा दो हो सू नावाच्या कोरियन कलाकाराचं काम लागलं होतं. हा माणूस जिथं जिथं राहिला ती घरं त्यानं पातळ आरपार कापडात शिवलीत, खऱ्या मापाची, आपण आतून चालत जायचं. दाराची मूठ कापडाची, लाईटचं बटण कापडाचं, शिलाई एवढी बारीक की माझी बायको, जी चित्रांना कंटाळते, ती टाका कुठला आहे ते बघत एकाच दारापाशी किती वेळ उभी राहिली. मॉडर्न आर्ट लोकांना कळत नाही म्हणतात त्यांनी हे बघायला हवं होतं. आणि मुलांना वर सहाव्या मजल्यावर पूर्ण मजला दिलाय, हात लावा, चिकटवा, पसारा करा. आपल्याकडे दरवर्षी एवढी मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षांना बसतात, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून क्लास लावतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी खरं चित्र समोर उभं राहून कधी बघितलेलं नसतं, फक्त पुस्तकात नाहीतर मोबाईलवर. हे मी शिक्षक म्हणून सांगतोय.

पैशाचं म्हणाल तर तिथं सरकार सगळं देत नाही. शहरात आर्ट्सवेव्ह म्हणून एक निधी आहे, 1949 पासून दरवर्षी मोहीम काढतात, कंपन्यांमधले साधे नोकरदार पगारातून थोडे थोडे देतात आणि तो पैसा ऑर्केस्ट्रा, नाटकवाले, म्युझियमं आणि या सेंटरसारख्या संस्थांत वाटला जातो. शिवाय देणगीदार असतातच. आता वर्गणी काय आपल्याला नवीन आहे का? गणपतीला गल्लीत लाखांनी गोळा होते. एमआयडीसीतल्या कारखान्यांनी सीएसआरमधून (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) आणि लोकांनी वर्गणीतून एक वर्षाचे कार्यक्रम उचलले तर अवघड काहीच नाही, फक्त हिशोब बोर्डावर लावायचा.

एक मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता, कारण कोणीतरी तो काढणारच, की असल्या ठिकाणी काहीतरी आक्षेपार्ह लागलं तर? तिथं लागलं होतं. 1990 ला रॉबर्ट मॅपलथॉर्प या फोटोग्राफरचं प्रदर्शन लावलं, 175 फोटो, त्यातल्या 7 फोटोंवरून केस झाली. उघडलं त्याच दिवशी पोलीस आत, लोकांना बाहेर काढून फोटोंचं व्हिडिओ शूटिंग केलं, संस्थेवर आणि डायरेक्टर डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचा खटला. ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, बसलेले लोक साधे, म्युझियमला फारसे न जाणारे, आणि त्यांनीच ऑक्टोबरमध्ये दोघांना निर्दोष सोडलं. आपल्याकडे हे त्याच्याही आधी झालंय, 1954 ला मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींना त्यांच्या चित्रांवरून अटक झाली, चित्रं भिंतीवरून उतरवायला ते तयार झाले नाहीत आणि कोर्टात सुटले. आणि 2024 ला कस्टमवाल्यांनी अश्लील म्हणून अडकवलेली चित्रकार सूझा आणि पदमसींची चित्रं मुंबई हायकोर्टाने सोडायला लावली. तेव्हा भीतीपोटी नुसती निसर्गचित्रं आणि गणपती लावायचे असं आत्ताच ठरवून टाकू नका. वाद झालाच तर संस्थेच्या मागे कोण उभं राहणार, हे मात्र आधी ठरलेलं असू दे.

तर माझं म्हणणं एवढंच की टेंडर काढायच्या आधी प्रशासनानं तीन गोष्टी जाहीर कराव्यात. वर्षाचं कार्यक्रमांचं बजेट किती, बांधकामाचं नव्हे. काय दाखवायचं ते ठरवणारा पगारी माणूस कोण, चित्र-शिल्पातलं कळणारा, नुसतं बदलीवर आलेला क्लार्क नको. आणि चित्रकारांकडून भाडं घेणार की त्यांना मानधन देणार. या तिन्हींची उत्तरं नसतील तर व्हीआयपी रूमचे पैसे वाचवा आणि तेवढ्यात जिल्हा परिषदेच्या एखाद्या बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत उद्यापासून काम सुरू करा, मुलांना ड्रॉइंगचे धडे द्यायला मी फुकट येतो, माझ्यासारखे अजून बरेच रिटायर मास्तर घरी बसलेत.

आपला,
एक वाचक (निवृत्त कलाशिक्षक), सांगली जिल्हा