चित्रातले पनीर आणि खोक्यातले पनीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोठवलेल्या तयार जेवणाच्या खोक्यावर पनीरचे टपोरे तुकडे दिसतात. गरम करून ताटलीत काढल्यावर मात्र बहुतेक वेळा ग्रेव्हीत पनीर शोधावे लागते. तक्रार करावी, तर चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सर्व्हिंग सजेशन’ (म्हणजे चित्र केवळ वाढण्याची कल्पना देण्यापुरते) असे छापून उत्पादक मोकळा झालेला असतो. वास्तविक अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार, ज्या घटकावर शब्दांनी वा चित्राने भर दिला असेल, त्याचे प्रमाण टक्क्यांत देणे बंधनकारक आहे. ते दिलेले असते, पण खोक्याच्या पाठीमागे, घटकांच्या दाट यादीत.

याहून फसवा प्रकार ‘एका वाढणी’चा आहे. दैनंदिन गरजेपैकी किती टक्के सोडियम (मिठातला घटक) किंवा संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) मिळेल, हे एका वाढणीच्या हिशेबाने छापले जाते आणि वाढणी केवढी धरायची, हे उत्पादकच ठरवतो. समजा, ३०० ग्रॅमच्या खोक्यात तीन वाढण्या धरून सोडियम २० टक्के लिहिले, तर आकडा निरुपद्रवी वाटतो; परंतु एकटा माणूस ते खोके एकाच जेवणात संपवतो आणि दिवसाच्या २००० मिलिग्रॅमपैकी १२०० मिलिग्रॅम सोडियम त्याच्या पोटात गेलेले असते. (१०० ग्रॅम भाजीत कोणाचे जेवण होते, हे उत्पादकांनीच सांगावे.)

‘मग घरी रांधा’ हे उत्तर सोपे आहे. जोडीदार गेल्यावर किंवा मुले परगावी स्थिरावल्यावर एकट्यासाठी कुकर लावण्याची, फोडणी करण्याची उमेद अनेकांना राहत नाही. माझ्या ओट्यावरही हल्ली चहाखेरीज फारसे काही होत नाही आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. हे खोके ज्यांचे रोजचे जेवण झाले आहे, त्यांच्यातच रक्तदाबाचे रुग्ण आणि अधू नजरेचे वृद्ध अधिक असणार.

म्हणून घटकाची टक्केवारी दर्शनी बाजूला, चित्राशेजारी, पदार्थाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापण्याची आणि पोषणमूल्ये संपूर्ण खोक्याच्या हिशेबाने देण्याची सक्ती प्राधिकरणाने करावी. चुकीच्या लेबलासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पण मोठ्या कंपनीला तो जाणवणारही नाही. ही सक्ती होईतोवर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतून नमुने घेऊन छापील टक्केवारी पडताळून पाहावी आणि निष्कर्ष कंपन्यांच्या नावांसह जाहीर करावेत.

– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली