धुक्यातला बगळा मळकट का दिसतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की उजनी जलाशयावरचे, नांदूर मध्यमेश्वरचे धुक्यातले बगळे रविवारच्या पुरवण्यांत हमखास दिसतात. पण पुष्कळ फोटोंत बगळा राखाडी असतो आणि खापर धुक्यावर फुटतं. खरी चूक कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर राहण्याची आहे. समोर काहीही असो, मीटर ते मध्यम राखाडी धरतो. धुकं, पाणी, पक्षी सगळंच उजळ दिसलं की तो प्रकाश कमी करतो. म्हणून दाट धुक्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा प्रकाश, पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवून ठेवावं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश).

ऊन चढून धुकं विरळ झालं, मागे काळसर पाणी दिसू लागलं की हिशेब उलटा होतो. आता मीटर प्रकाश वाढवतो आणि पांढरी पिसं जळतात. इथे पाऊण ते एक स्टॉप कमी करावा लागतो. हा पालट बघता बघता होतो, त्यामुळे दर काही फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, पाहायलाच हवा. आलेख उजव्या कडेजवळ यावा, कडेला चिकटू नये. फोटो मोठा करून मानेवरची पिसं सुटी दिसतात का तेही बघावं. तिथे नुसता पांढरा डाग असेल, तर रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही, तपशील परत येत नाही.

धुक्यात ऑटोफोकस भरकटतो, कारण त्याला पकडायला कडाच मिळत नाही. एकच फोकस पॉइंट डोळ्यावर किंवा चोचीच्या मुळाशी ठेवावा. उभ्या बगळ्याला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, उडत्याला १/१६०० तरी हवं. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० करावा लागला तरी बिचकू नये. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, काढून ठेवा. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो आणि ज्या प्रतिबिंबासाठी धडपड चालली आहे तेच पुसतो. फ्रेममध्ये खाली जागा सोडा, प्रतिबिंबाची चोच कापली की फोटो गेला.

लेन्सला हूड (पुढे लावायची गोल झडप) हवाच, नाहीतर काचेवर दव धरतं. परतताना कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करावा आणि उबदार खोलीत गेल्यावर अर्धा-पाऊण तास उघडू नये. गार काचेवर लगेच बाष्प जमतं.

होडीचं इंजिन लांबच बंद करून पुढे बांबूने रेटत जावं. चरणारा लहान बगळा पाय उचलतो तेव्हा काळ्या पायाची पिवळी बोटं पाण्यातून निथळत वर येतात. धुक्यातल्या फ्रेममध्ये तेवढाच काय तो रंग. त्याने चरणं थांबवून मान ताठ केली, की होडी तिथेच थांबवायची. त्यापुढे गेलं तर तो उडतो आणि त्या थंडीत त्याचं खाणं बुडतं.

काही जण होडीच्या फळीवर थाप मारून मुद्दाम थवा उडवतात. अख्खा थवा कॅमेऱ्याकडे पाठ करून उडालेला दिसला, तर बहुधा तसंच घडलेलं असतं. असे फोटो कृपया छापू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदापूर