सामने : ०

फ्रिस्को, रविवार रात्र

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

जखमी अमेरिकन फुटबॉलपटूंच्या निवडींची तुझी फाइल शुक्रवारी क्लिनिकमधून आल्या आल्या उघडली आणि जेवण गरम करायचं राहूनच गेलं. "आई, फक्त मेडिकलचे शब्द तपासून दे," असं तू म्हणाला होतास. शब्द ठीक आहेत. दोन ठिकाणी मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) म्हटलंयस, तिथे खूण केली आहे. मी अडकले ती मार्कस लॅटिमोरच्या ओळीवर. चौथी फेरी, १३१ वा, सामने ०. त्या शून्याला तू लाल रंग दिला आहेस आणि शेवटच्या रकान्यात 'वाया गेलेली निवड' असं लिहिलं आहेस. त्यावर मला बोलायचं आहे आणि ते फोनवर जमणार नाही.

तुझं म्हणणं मला पटतं, निदान अर्धं तरी. कॉलेजात चमकलेला मुलगा ऐन वेळी जखमी होतो, सगळे संघ बिचकतात, तो ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलचे व्यावसायिक संघ कॉलेजची मुलं फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात त्यात, खाली घसरतो. अशा वेळी ज्याच्याकडे धीर आहे त्याने इतरांच्या आधी हात घालावा, कारण पहिल्या पाचांतला खेळाडू दुसऱ्या फेरीच्या भावात मिळतो. तुझी उदाहरणंही खरी आहेत. विलिस मॅगाहीच्या गुडघ्याची २००३ च्या जानेवारीत फिएस्टा बोलमध्ये, कॉलेज हंगामाच्या शेवटच्या मोठ्या सामन्यात, पार वाट लागली होती. तरी बफेलोने त्याला पहिल्या फेरीत २३ वा घेतला, वर्षभर बसवून ठेवला आणि २००४ मध्ये तो ११२८ यार्ड धावला. फ्रँक गोरचे तर कॉलेजातच दोन्ही गुडघे फाटले होते. २००५ मध्ये तो ६५ वा निवडला गेला आणि सोळा हंगाम खेळून बरोबर १६,००० यार्डांवर थांबला. माझ्याकडे रडत येणाऱ्या हायस्कूलच्या पोरांना मी गोरचीच गोष्ट सांगते.

पण 'गुडघा' असा एकच रकाना करून चालणार नाही रे. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट. ते फाटलं तर त्या जागी सहसा त्याच माणसाच्या दुसऱ्या स्नायूबंधाचा पट्टा बसवतात. तो हाडात नीट मुरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, पण बहुतेकदा मुरतो. कूर्चा झिजली तर ती पहिल्यासारखी परत येत नाही. तो मुलगा दोन-तीन वर्षं उत्तम खेळेल आणि मग गुडघा सुजायला लागेल. टॉड गर्लीचं आठव. २०१५ मध्ये एसीएल फाटलेलं असताना रॅम्सनी त्याला दहावा उचलला, २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि २०२० च्या मार्चमध्ये त्याला सोडूनही दिलं. तुझ्या फाइलमध्ये तो हिरवा आहे. कुठल्या वर्षापर्यंत हिरवा, ते लिहिलेलं नाही. आणि नर्व्ह ताणली गेली असेल, तर पहिले कित्येक महिने कुठलाच डॉक्टर छातीठोकपणे काही सांगू शकत नाही.

२०१६ ची १ जानेवारी तुला आठवते का? तू दहा वर्षांचा होतास. मंडळातली चार कुटुंबं आपल्याकडे जमली होती, मी पावभाजी केली होती आणि टीव्हीवर नोत्र दाम आणि ओहायो स्टेटची फिएस्टा बोल चालू होती. जेलन स्मिथला धक्का बसला आणि त्याचा डावा पाय नको तसा वळला. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "आई, हा बरा होईल ना?" मी म्हटलं, होईल. माझ्या डोळ्यांसमोर फक्त लिगामेंट होतं. पुढे कळलं की एसीएल आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट तर गेलंच, शिवाय पेरोनियल नर्व्हलाही मार बसला आहे. म्हणजे फूट ड्रॉप. पाऊल वर उचलताच येत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. नर्व्ह बरी होताना दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कधीतरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूपासून घोट्यापर्यंत पट्टी लावून मोज, म्हणजे त्या पोराने कसली वाट बघितली ते कळेल.

आपल्या डॅलस काउबॉइजनी त्याला दुसऱ्या फेरीत, ३४ वा घेतला. २०१६ चं पूर्ण वर्ष तो मैदानाबाहेर होता. २०१७ मध्ये पायाला ब्रेस लावून सोळाही सामने खेळला आणि २०१९ मध्ये प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यापर्यंत, गेला. तू याला 'धाडस' म्हटलं आहेस. मी तसं म्हणणार नाही. त्याचं ऑपरेशन काउबॉइजच्याच टीम डॉक्टरने केलं होतं. इतर संघ एमआरआय आणि कागद बघून अंदाज बांधत होते, तेव्हा या संघाच्या माणसाने तो गुडघा उघडून आतून पाहिलेला होता. म्हणून तुझ्या फाइलमध्ये एक रकाना हवा : दुखापत कुणी किती जवळून पाहिली आहे.

आता पैशांचं. त्याच ड्राफ्टमध्ये काउबॉइजनी चौथा घेतला इझिकिएल इलियट. तोही त्याच सामन्यात होता, समोरच्या संघातून. त्याचा करार अडीच कोटी डॉलरच्या घरात गेला, स्मिथचा ६५ लाखांच्या आसपास. दुखापत नसती तर स्मिथही पहिल्या पाचांत जाईल असंच सगळे म्हणत होते. विम्याचे सुमारे ९ लाख डॉलर मिळाले, बाकी गेले ते गेले. तुझ्या फाइलमध्ये या फरकाला 'सवलत' असं नाव आहे. रोहन, ही सवलत दुकानदाराने दिलेली नाही. ती एका वीस वर्षांच्या मुलाच्या आणि त्याच्या आईच्या घरातून गेली आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फोर्नेट आणि मॅकॅफ्री हे कॉलेजचे खेळाडू ड्राफ्ट डोळ्यांसमोर ठेवून आपापल्या बोल सामन्यांतून बाहेर राहिले, तेव्हा लोकांनी त्यांना स्वार्थी म्हटलं. मला तेव्हाही तसं वाटलं नाही.

शिवाय कॉलेजातली दुखापत घेऊन आलेल्या खेळाडूला संघ एका वेगळ्या यादीत टाकू शकतो आणि त्या काळात पूर्ण पगार देण्याचं बंधन संघावर राहत नाही. म्हणून जखमी मुलाला कुणी वरच्या फेरीत उचललं की मला आनंदच होतो. त्याची जोखीम निदान वाटून घेतली जाते. भीती वाटते ती पुढच्या घाईची.

तुझ्या मामाला तू लंगडतानाच पाहिलं आहेस. कोल्हापुरात तालमीत असताना त्याचा गुडघा पहिल्यांदा निखळला तेव्हा सहा महिने लाल मातीत पाय ठेवायचा नाही, असं वस्तादांनी त्याला बजावलं होतं. पण एका जत्रेच्या मैदानासाठी त्याचं नाव पोस्टरवर छापून झालं होतं. आयोजक घरी आले, आजोबांना भिडेत पाडलं आणि मामा तिसऱ्या महिन्यात फडात उतरला. मी बारा वर्षांची होते. गुडघ्याचा तो आवाज मला आठवतो, त्याहून जास्त आठवतो तो नंतरचा उन्हाळा. जितक्या वरच्या फेरीत मुलगा घेतला जातो, तितकं त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं जातं, आणि मग "अजून का खेळत नाही?" हा प्रश्न आठव्या महिन्यापासूनच सुरू होतो. क्लिनिकमध्ये पोरं माझ्याशी याच प्रश्नावरून भांडतात.

आता लॅटिमोर. २०११ च्या ऑक्टोबरात डावा गुडघा. पुन्हा उभा राहिला. २७ ऑक्टोबर २०१२ ला टेनेसीविरुद्ध उजवा गुडघा जागचा निसटला, लिगामेंटं तुटली. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. त्याला गाडीवरून बाहेर नेताना समोरच्या संघाची मुलंसुद्धा मैदानात येऊन उभी राहिली होती. फोर्टीनायनर्सनी २०१३ मध्ये त्याला घेतला आणि ते पूर्ण वर्ष थांबले. त्यांची चूक मी काढत नाही. त्या वर्षांत त्यांनी एसीएल फाटलेली अशी बरीच मुलं घेतली. एक नाही लागला तर दुसरा लागेल, असा त्यांचा हिशेब असणार, आणि संघाच्या बाजूने तो बरोबरही असेल. लॅटिमोरकडे दुसरा लॅटिमोर नव्हता. त्याने रोज व्यायाम केला, दुखणं सोसलं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, एकही सामना न खेळता, थांबतो म्हणाला. पुढे २०१८ मध्ये तो आपल्या जुन्या विद्यापीठाच्या संघातच मुलांना मार्गदर्शन करायला परतला.

तेव्हा ते 'वाया गेलेली' काढून टाक. शून्य राहू दे, ते खरं आहे. त्याच्या शेजारी दोन रकाने वाढव : मुलाचं किती गेलं, आणि संघ किती महिने थांबला. माहिती गोळा करायला वेळ लागेल, मी शनिवारी मोकळी आहे, आपण दोघं मिळून बसू. मेनिस्कसच्या खुणा पान ४ आणि ९ वर आहेत.

तुझी,
आई