बंद धावपट्टीवर फुली हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या माळावर हलक्या विमानांसाठी केलेली गवताची धावपट्टी बंद पडून बरीच वर्षे झाली. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जागेच्या खरेदीची बोलणी सुरू आहेत आणि कुणाच्या व्यवहारात मला खोडा घालायचा नाही. पट्टी परत सुरू करा, असेही म्हणणे नाही. बंद आहे ना, मग ती वरूनही बंद दिसली पाहिजे, एवढेच.

आज ती तशी दिसत नाही. पाऊस सरला की लोक गवत कापून नेतात आणि चहूबाजूंच्या उसात मधला पट्टा कसा मोकळा, सपाट दिसतो. कडेचे चुना लावलेले दगड जागेवर आहेत. वारा दाखवणारी कापडी पिशवी चिंध्या झाली तरी पाइपवर फडफडते आहे. प्रत्यक्षात मधूनच शेतीपंपाची लाइन गेली आहे, पूर्वेला कुंपणाचे सिमेंटचे खांब रोवलेत आणि पश्चिमेला मुरूम उचलून कमरेएवढा खड्डा केलाय. विजेच्या तारा उंचावरून दिसत नाहीत. वैमानिक खांब बघून तारेचा अंदाज बांधतो. इथे एक खांब बाभळीत झाकलेला, दुसरा उसात.

‘आता इथं कोण येतंय विमान घेऊन?’ असे गावात विचारतात. मुद्दाम कुणीच येणार नाही. पण 450 किलोच्या आतबाहेरच्या या विमानाला इंजिन एकच. ते 300 मीटरवर बंद पडले तर तरंगत दोन-अडीच किलोमीटर जाता येते, तेवढ्यात जागा शोधायची. करवीर तालुक्यात खाली बघाल तिकडे ऊस. वरून गालिचा वाटतो, पण दीड पुरुष उंच उसात चाके अडकली की विमान उलटलेच. अशा वेळी तो माणूस आमच्या माळाकडेच वळणार.

बंद धावपट्टीवर पांढरी फुली मारायची, हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दोन्ही टोकांना एकेक आणि पट्टी लांब असेल तर मध्येही. नुसती फक्की मारून भागणार नाही, पहिल्याच वळवात धुऊन जाईल. दगड मांडून चुना द्यावा आणि दर दिवाळीला पुन्हा हात फिरवावा. तारांवर रंगीत गोळे बसवले तर उत्तमच, पण ते काम वीजवाल्यांचे आणि त्याला किती वर्षे लागतील ते सांगायला नको.

महापुरात उपयोगी पडेल म्हणून पट्टी राखावी, असे काही तरुण म्हणतात. 2019 मध्ये महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा माणसे वाचवली ती बोटींनी आणि हेलिकॉप्टरांनी. दोन माणसांचे विमान चिखल झालेल्या गवतावर उतरणारही नाही.

मालक परगावी असतात, त्यांनी तिथून नुसता होकार कळवला तरी पुरे. मैदान आखणारी आमची तरुण मंडळाची पोरे अर्ध्या दिवसात फुल्या मांडतील; चुन्याची पोती मी देतो. पाइप मालकाचा, त्याला कुणी हात लावू नये. पिशवी तेवढी उतरवायला कुणाची हरकत नसावी.

– एक शेतकरी वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर